गहाण पडलेले खिळे

६ नोव्हेंबर १४५५. ऱ्हाइन नदीकाठचं माइन्झ शहर. फ्रान्सिस्कन साधूंच्या मठातल्या जेवणाच्या दालनात सकाळी अकरा ते बाराच्या दरम्यान काही माणसं जमली होती. उलरिख हेल्मास्पर्गर नावाचा नोटरी लेखणी सरसावून बसला होता. योहान फुस्ट हा शहरातला पैसेवाला माणूस तिथे शपथ घ्यायला आला होता: मी अमक्याला दिलेले पैसे स्वतः व्याजाने उचलून दिले आहेत, रक्कम १,५५० गुल्डेन.

तो ‘अमका’ मात्र आला नव्हता. फुस्टच्या भावाने विचारलं, त्यांच्या बाजूने कोणी आहे का? तेव्हा एक पाद्री आणि कारखान्यातले दोन गडी आत आले. कशाला आलात असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं, काय होतंय ते बघायला आणि ऐकायला मालकांनी पाठवलंय. मालकांचं नाव योहान गुटेनबर्ग.

युरोपात धातूच्या सुट्या अक्षरांनी छापलेला पहिला मोठा ग्रंथ, म्हणजे लॅटिन बायबल, नुकताच पुरा होत आला होता. ज्याने तो छापला त्याच्या डोक्यावर व्याजासकट २,००० गुल्डेनच्या वर कर्ज चढलं होतं. गुल्डेन हे सोन्याचं नाणं.

हेल्मास्पर्गरने त्या दिवशी जे लिहून घेतलं ते चर्मपत्र आजही जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. गुटेनबर्गच्या चरित्रातला सगळ्यात भक्कम पुरावा तोच. गंमत बघा, या माणसाने छापलेल्या एकाही पुस्तकावर त्याचं नाव नाही. हयातीत काढलेलं त्याचं चित्र नाही. ती लांब दाढी आणि फरची टोपी नंतरच्या चितारी लोकांच्या डोक्यातून आली. तो भेटतो तो कोर्टाच्या कागदांत, कर्जरोख्यांत, करवसुलीच्या वह्यांत. आणि ते सगळे कागद हाताने लिहिलेले.

जन्म माइन्झचा, १४००च्या आसपासचा. वडील खानदानी, आई दुकानदाराची मुलगी. त्यामुळे घर प्रतिष्ठित असूनही शहराच्या टांकसाळीशी जोडलेल्या मानकऱ्यांच्या मंडळात त्याला जागा नव्हती. तरी त्याची बैठक सोनार-टांकसाळ्यांमधलीच. १४३४मध्ये तो स्ट्रासबर्ग शहरात दिसतो, आणि तेही कसा? तर माइन्झ शहराकडे त्याच्या वार्षिक उत्पन्नाची ३१० गुल्डेन बाकी थकली होती, म्हणून कामानिमित्त स्ट्रासबर्गला आलेल्या माइन्झच्या नगरलेखकालाच त्याने अटक करवली. गावाकडून येणं असेल तर गावचा कारकून धरायचा, असा खाक्या. पुढे एका मुलीला लग्नाचं वचन देऊन फिरवल्याचा दावा त्याच्यावर झाला, तेव्हा साक्षीदार असलेल्या चांभाराला त्याने भर कोर्टात शिव्या घातल्या आणि त्याचीही भरपाई भरली. एकूण गृहस्थ तापट. पैशाच्या बाबतीत तर तिखटच.

स्ट्रासबर्गमध्ये त्याने एक धंदा काढला. दर सात वर्षांनी आखेन शहरात मोठी जत्रा भरे. त्या वेळी पवित्र अवशेष उंचावरून दाखवले जात. गर्दी एवढी की जवळ जाणं अशक्य, म्हणून यात्रेकरू छोटा आरसा उंच धरत. अवशेषांतून निघणारे पुण्याचे किरण आरशात साठतात आणि घरी नेता येतात, अशी श्रद्धा. गुटेनबर्गने तीन भागीदार घेतले आणि धातूचे असे आरसे ओतायचं ठरवलं. जत्रा १४३९ची धरून भांडवल घातलं. जत्रा वर्षभर पुढे गेली. प्लेग.

मधल्या काळात भागीदारांच्या लक्षात आलं की हा गृहस्थ आणखी काहीतरी करतोय आणि आपल्याला दाखवत नाही. त्यांनी हट्ट धरला, पैसे वाढवले, पाच वर्षांचा करार केला. १४३८च्या नाताळात त्यातला आंद्रेआस ड्रिट्सेन मेला आणि त्याच्या भावांनी दावा लावला. त्या दाव्यातल्या साक्षी वाचण्यासारख्या आहेत. किरकोळ माल विकणारी एक बाई सांगते, एका रात्री मी आंद्रेआसला म्हटलं, आता झोपायचं बघा की. तो म्हणाला, हे आधी संपवायला हवं. एवढा कसला खर्च करता, दहाएक गुल्डेन गेले असतील, असं मी म्हटल्यावर त्याने मला वेड्यात काढलं. तीनशेच्या वर रोख गेलेत, सगळं मिळून पाचशेच्या घरात, वडिलार्जित मिळकतही गहाण आहे, म्हणाला. दुसरा साक्षीदार, हान्स ड्युने नावाचा सोनार, सांगतो की तीनेक वर्षांपूर्वी ‘छापण्याच्या’ कामात मी गुटेनबर्गकडून शंभरेक गुल्डेन कमावले. तिसऱ्या साक्षीत आंद्रेआसच्या घरातल्या दाबयंत्राचा उल्लेख येतो. मृत्यूनंतर गुटेनबर्गने नोकर धाडला: कोणाला दाखवू नका, त्याचे दोन स्क्रू काढा म्हणजे तुकडे सुटे होतील आणि ते काय आहे हे कोणाला कळणार नाही.

कोर्टाने डिसेंबर १४३९मध्ये निकाल दिला. करारात मयत भागीदाराच्या वारसांना १०० गुल्डेन द्यायचे ठरले होते, पण आंद्रेआसकडूनच ८५ येणे होते. १५ गुल्डेन द्या आणि विषय मिटवा.

अक्षर छापायची कल्पना जगाला नवीन नव्हती, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. चीनमध्ये बी शंगने अकराव्या शतकात भाजलेल्या मातीचे सुटे ठसे केले होते. कोरियात १३७७मध्ये, म्हणजे गुटेनबर्ग जन्मण्याआधी वीस-पंचवीस वर्षं, धातूच्या सुट्या अक्षरांनी छापलेला ‘जिकजी’ हा बौद्ध ग्रंथ पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आजही आहे. कागदही चीनमधूनच अरबांच्या वाटेने इटलीत आला, आणि १३९०पासून न्यूरेंबर्गजवळ कागदाची गिरणी चालू होती. तेव्हा गुटेनबर्गने ‘छपाईचा शोध लावला’ हे शाळेच्या पुस्तकातलं वाक्य सैल आहे. त्याने ओतकामाचा बेत जमवला, आणि त्याची लिपीही त्याला सोयीची होती.

बेत काय, हे समजायला मला माझ्या गावचा छापखाना आठवतो. थोरल्या बहिणीच्या लग्नपत्रिकेचं मुद्रित आणायला मला पाठवलं होतं. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवणारा जुळारी खणांच्या पेटीपुढे, केसपुढे, उभा होता. डाव्या हातात स्टिक, आणि उजवा हात खणाखणांतून कोंबडी दाणे टिपते तसा, न बघता. त्याने एक खिळा माझ्या तळहातावर ठेवला. शिशाचा, आकाराच्या मानाने जड, थंड. टोकाला उलटा ‘ग’. अंगाला एक खाच, म्हणजे डोळ्यांनी न पाहता बोटालाच कळावं की वरची बाजू कोणती. मुद्रितात नवरदेवाचं आडनाव चुकलं होतं. त्याने चिमट्याने एक खिळा काढला, दुसरा बसवला, झालं. पाटीवर कोरलेला ठोकळा असता तर अख्खी पाटी फुकट गेली असती.

या सुटेपणासाठी प्रत्येक खिळा दुसऱ्याशी केसाएवढाही उंच-सखल असून चालत नाही. पारंपरिक पद्धत अशी: पोलादी कांबीच्या टोकावर उलटं अक्षर कोरायचं, ते तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचं, म्हणजे तिथे अक्षराचा खोलगट ठसा उठतो. तो तुकडा दोन भागांच्या सरकत्या साच्याच्या तळाशी बसवायचा आणि वरून वितळलेलं शिसं, कथील आणि अँटिमनी ओतायचं. साचा सरकता असल्याने लॅटिन ‘आय’ अरुंद आणि ‘एम’ रुंद निघतो, पण उंची सगळ्यांची एक. नुसतं शिसं मऊ, थंड होताना आकसतं. अँटिमनीने ते कडक राहतं. २००१च्या सुमारास प्रिन्स्टनच्या पॉल नीडहॅम आणि ब्लेझ अगेरा इ आर्कास यांनी गुटेनबर्गच्या एका टायपाची अक्षरं संगणकावर एकमेकांशी ताडून पाहिली. एकाच अक्षराचे खिळे जरा जास्तच वेगवेगळे निघाले. तेव्हा सुरुवातीला त्याचे साचे तांब्याचे नसून वाळूसारख्या, पुन्हा पुन्हा करावे लागणाऱ्या पदार्थाचे असावेत, असं त्यांचं म्हणणं. मला हे मत पटतं. कुठलीही गोष्ट पहिल्या फटक्यात पुस्तकात दाखवतात तेवढी नीटस जमत नाही.

खिळ्यांनंतर शाई. लेखणीची पाण्यासारखी शाई धातूवर थांबत नाही, थेंब थेंब होते. गुटेनबर्गने तेलाची, चिकट शाई केली. तिच्यात तांबं आणि शिसं आहे, म्हणून साडेपाचशे वर्षांनी त्या बायबलची अक्षरं अजून काळीभोर चमकतात. दाबयंत्राची कल्पना मात्र द्राक्षं पिळायच्या चरकावरून आली असावी. ऱ्हाइनकाठी चरकांना काय तोटा!

आता पैसा. ऑक्टोबर १४४८मध्ये तो माइन्झला परतला आणि नातेवाइकामार्फत १५० गुल्डेन उचलले. मग फुस्ट आला. पहिले ८०० गुल्डेन सहा टक्क्यांनी, तारण म्हणून त्याच पैशातून होणारी अवजारं. १४५२मध्ये आणखी ८००, ते ‘पुस्तकांच्या कामासाठी’, भागीदारीत. ग्रंथ छापण्याचा धंदा ज्याने केलाय त्याला ही गोम लगेच कळेल. कापड विणणारा ठाण विकून दुसऱ्या दिवशी सूत आणतो. इथे कागद, धातू, मजुरी सगळं आधी घालायचं आणि शेवटचं पान छापून होईपर्यंत एक कवडी हातात येत नाही. बायबलची पानं होती १,२८२. प्रती सुमारे १८०. म्हणजे यंत्राचा दांडा जवळपास २ लाख ३० हजार वेळा ओढायचा. पाव हिस्सा प्रती चर्मपत्रावर, आणि तशा एका प्रतीला सुमारे १७० वासरांची कातडी.

काम चालू असतानाच खर्चाची काळजी पानांवर दिसते. पहिली काही पानं ४० ओळींची आहेत, मग ४१, आणि पुढे ४२ ओळी. तेवढाच कागद वाचला. मग मागणी वाढली म्हणून प्रतींचा आकडा मध्येच वाढवला आणि आधी छापून झालेली पानं पुन्हा जुळवावी लागली. जुळाऱ्यांनी काय म्हटलं असेल ते जर्मनमध्ये असलं तरी मला ऐकू येतं.

घरखर्च भागवायला त्याने जे विकलं जातं ते छापलं: दोनातुसचं लॅटिन व्याकरण (शाळेत पोरं जात राहतील तोवर खपत राहणार), १४५५ सालाचं तुर्कांविरुद्धचं एक पंचांग, आणि पापक्षमेची पत्रं. १४५३मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं होतं. तुर्कांविरुद्ध सायप्रसच्या मदतीसाठी पोपचा निधी चालू होता. जो पैसे देईल त्याला पापांची शिक्षा माफ झाल्याचं पत्र. एकच मजकूर, हजारो गिऱ्हाइकं, आणि नाव-तारखेची जागा कोरी. छापखान्याला याहून सोयीचं काम कुठलं! अशा एका पत्रावर हाताने भरलेली तारीख आहे २२ ऑक्टोबर १४५४. युरोपात सुट्या खिळ्यांनी छापलेला हा तारीख असलेला सगळ्यात जुना कागद. थोडक्यात, छापील ग्रंथाच्या आधी छापील फॉर्म जन्माला आला. सरकारी कचेरीत रांगेत उभं असताना हे आठवलं की मला बरं वाटतं.

मार्च १४५५मध्ये पुढे पोप झालेल्या एनेआ पिकोलोमिनीने एका कार्डिनलला पत्र लिहिलं. फ्रँकफर्टला एका विलक्षण माणसाच्या बायबलची काही पानं पाहिली, अक्षर इतकं स्वच्छ की तुम्हाला चष्म्याशिवाय वाचता येईल. कोणी म्हणतं १५८ प्रती, कोणी म्हणतं १८०, आणि काम संपायच्या आत गिऱ्हाइकं ठरली आहेत. माल सगळा उचलला गेला होता. कदाचित म्हणूनच फुस्टने नेमका तोच मुहूर्त धरला. पीक उभं राहिलं की सावकार बांधावर येतो.

गुटेनबर्गचं म्हणणं होतं, पहिले ८०० पुरे आणि वेळेवर मिळालेच नाहीत, व्याज घेणार नाही असं फुस्ट तोंडी बोलला होता, आणि दुसरे ८०० सामायिक कामाला गेले. कोर्टाने हिशेब मांडायला सांगितलं आणि फुस्टची शपथ मानली. इतिहासकार सहसा असा अर्थ लावतात की बायबलचा कारखाना आणि त्या प्रती फुस्टच्या हाती गेल्या. साक्षीदारांत पेटर शोफर हा तरुण होता. पॅरिसला सुंदर अक्षर लिहिणारा लेखनिक, नंतर गुटेनबर्गच्या कामात मुरलेला. तो फुस्टकडे राहिला आणि पुढे त्याचा जावईही झाला.

ऑगस्ट १४५७मध्ये फुस्ट-शोफरनी स्तोत्रसंग्रह काढला. काळ्या अक्षरांबरोबर लाल-निळी मोठी आद्याक्षरंही छापलेली. शेवटी छापणाऱ्यांची नावं आणि छपाईची तारीख, अशी युरोपातली पहिली छापील नोंद. गुटेनबर्गचा उल्लेख नाही, अर्थातच. आणि त्या अभिमानाच्या नोंदीच्या दुसऱ्याच शब्दात ‘प्साल्मोरुम’ऐवजी ‘स्पाल्मोरुम’ छापलंय. छपाईच्या पहिल्याच सहीत मुद्रणदोष! मुद्रितशोधकांच्या संघटनेने ती तारीख साजरी करायला हरकत नाही.

२८ ऑक्टोबर १४६२ला दोन आर्चबिशपांच्या भांडणात नासाऊच्या अडॉल्फने माइन्झ मारलं. शेकडो मेले, नागरिकांना शहराबाहेर हाकललं. छापखान्यातले गडी खिळे-साच्यांचं ज्ञान डोक्यात घेऊन वाट फुटेल तिकडे गेले.  १५०० सालापर्यंत अडीचशेच्या आसपास गावांत छापखाने होते आणि सुमारे ३०,००० आवृत्त्या निघाल्या होत्या.

पैशाचं गणित मात्र कुठेच सुटलं नाही. श्वाइनहाइम आणि पानार्ट्स हे दोघे जर्मन इटलीत सुबियाकोच्या मठात आणि मग रोमला गेले. त्यांनी देखणे लॅटिन ग्रंथ काढले, आणि १४७२मध्ये पोपला अर्ज केला: घर न विकलेल्या छापील तावांनी भरलंय, खायला मात्र काही नाही. दुसरीकडे श्पोनहाइमचा मठाधिपती ट्रिथेमियस याने लेखनिकांची थोरवी गाणारा ग्रंथ लिहिला. चर्मपत्रावरचं हस्तलिखित हजार वर्षं टिकेल, कागद दोनशे टिकला तरी पुष्कळ. आपलं म्हणणं चार लोकांपर्यंत पोचावं म्हणून त्याने १४९४मध्ये तो ग्रंथ छापून घेतला. माइन्झमध्ये.

माइन्झचं आणखी एक. १४८५मध्ये तिथल्याच आर्चबिशपने हुकूम काढला की जर्मन भाषेत भाषांतर केलेलं पुस्तक विद्वानांनी तपासल्याशिवाय छापू किंवा विकू नये. छपाईला गावातच तीस वर्षं झाली होती. आणि १५१७मध्ये याच गादीवर असलेल्या अल्ब्रेख्टने पद मिळवण्यासाठी फुगर सावकारांकडून कर्ज काढलं होतं. ते फेडायला त्याने पापक्षमेची पत्रं विकायची परवानगी मिळवली, निम्मी वसुली थेट फुगरांकडे. मार्टिन ल्यूथरने ३१ ऑक्टोबरला आपला निषेध पाठवला तो याच अल्ब्रेख्टला. वर्ष संपायच्या आत त्याचे ९५ मुद्दे लाइपझिग, न्यूरेंबर्ग आणि बाझेलला छापून निघाले. सप्टेंबर १५२२मध्ये त्याच्या जर्मन ‘नव्या करारा’च्या ३,००० प्रती निघाल्या आणि डिसेंबरात दुसरी आवृत्ती काढावी लागली. पापक्षमेच्या कोऱ्या फॉर्मांवर पोट भरलेल्या यंत्राने साठ वर्षांनी त्याच फॉर्मांचा धंदा बसवला.

आपल्या किनाऱ्यावर हे यंत्र आलं ते चुकून. मार्च १५५६मध्ये लिस्बनहून निघालेल्या जहाजात जेझुइट पाद्री होते आणि एक छापखाना होता, तो इथिओपियाला जायचा होता. वाट गोव्यावरून. ६ सप्टेंबरला ते गोव्यात पोचले. तिकडच्या सम्राटाला हे पाहुणे नको होते, असं कळत गेलं. इथिओपियासाठी नेमलेले पॅट्रिआर्क जुआंव नुनिश बारेतु गोव्यातच राहिले, १५६२मध्ये तिथेच वारले, आणि यंत्रही राहिलं. सेंट पॉल कॉलेजात हुआन दे बुस्तामान्ते याने छपाई सुरू केली. पुढच्या एका मुद्रकाने, जुआंव द एन्देम याने, १५६३मध्ये गार्सिया द ऑर्ताचा औषधी वनस्पतींवरचा संवादग्रंथ छापला. शुद्धिपत्र सुमारे २० पानांचं! स्पाल्मोरुमची परंपरा सात समुद्र ओलांडून सुखरूप आली होती.

जुआंव गोन्साल्विश हा स्पॅनिश लोहार पाद्र्यांच्या मंडळीत होता. त्याने गोव्यात तमिळ अक्षरं कोरली आणि १५७८मध्ये कोल्लमला त्या लिपीत १६ पानांचं पुस्तक निघालं. हे थॉमस स्टीफन्सच्या नंतर कानावर आलं असणार. इंग्लंडात जन्मलेला हा जेझुइट १५७९ला गोव्यात आला आणि मराठीत जवळजवळ ११,००० ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ रचून बसला. १६०८मध्ये त्याने रोमला आपल्या वरिष्ठांना पत्र लिहिलं: इथल्या भाषेत, इथल्याच लिपीत पुस्तकं छापावीत अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. अडचण त्याने नेमकी सांगितली. आपल्या युरोपात चोवीस अक्षरांचे साचे पुरतात, इथे सहाशेच्या घरात लागतील.

सहाशे. काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं. प्रत्येकाला वेगळा ठसा, वेगळा साचा, वेगळा खण. मघाशी म्हटलं ना, गुटेनबर्गची लिपी त्याला सोयीची होती. तरी जुन्या हस्तलिखितासारखं दिसावं म्हणून त्यालाही बायबलसाठी २९०च्या आसपास वेगवेगळे खिळे ओतावे लागले, आणि त्यासाठी एक फुस्ट लागला. गोव्यातल्या रायतूरच्या जेझुइटांना फुस्ट मिळाला नाही. १६१६मध्ये ‘क्रिस्तपुराण’ रायतूरला छापलं गेलं, मराठी ओवी, पण रोमन अक्षरांत. त्या आवृत्तीची प्रत आज उरलेली नाही. देवनागरी खिळ्यांत मराठी छापील पुस्तक यायला १८०५ साल उजाडावं लागलं, तेही बंगालमध्ये, श्रीरामपूरला, विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण. तिथल्या छापखान्यासाठी देवनागरी अक्षरं कोरणारा कारागीर होता पंचानन कर्मकार. कर्मकार म्हणजे लोहार.

माइन्झच्या सोनारमंडळीतल्या त्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं ते राहिलंच. शहर लुटणाऱ्या अडॉल्फनेच जानेवारी १४६५मध्ये त्याला दरबारी मान दिला: दरवर्षी दरबारी पोशाख, २० माल्टर धान्य, दोन मोठी पिंपं वाइन, आणि करमाफी. वाइन विकायची नाही, घरी प्यायची, अशी अट. फुस्ट पुस्तकं विकायला पॅरिसला गेला तो १४६६मध्ये तिथेच वारला. ३ फेब्रुवारी १४६८ला गुटेनबर्ग गेला. ज्या फ्रान्सिस्कन मठात फुस्टने शपथ घेतली होती, त्याच मठाच्या चर्चमध्ये त्याला पुरलं. ते चर्च पुढे पाडलं गेलं.

तेवीस दिवसांनी, २६ फेब्रुवारीला, शहरातले कायद्याचे डॉक्टर कोनराड हुमेरी यांनी अडॉल्फला एक पावती लिहून दिली. योहान गुटेनबर्ग यांच्याकडे असलेले छपाईचे साचे, अक्षरं, अवजारं माझ्या मालकीची होती, ती मला मिळाली. म्हणजे अखेरपर्यंत खिळे दुसऱ्याचेच. हुमेरींनी पुढे वचन दिलंय: हे सामान वापरलं तर माइन्झमध्येच वापरीन, आणि विकायची वेळ आली तर, परक्याएवढीच किंमत मिळत असेल तर, माइन्झच्याच नागरिकाला विकीन.

त्या दिवशी स्ट्रासबर्ग, कोलोन आणि रोममध्ये छापखाने चालू होते.